प्रात्यक्षिक क्रमांक सात

उपनगर पूरक जलवाटप कक्षाच्या दैनंदिन अहवालानुसार रोज चाळीस इमारतींना पाण्याचा टँकर मिळत असे. त्यांपैकी एकोणचाळीस इमारतींना तो प्रत्यक्षातही मिळत असे. कागद आणि वस्तुस्थिती यांच्यात एवढी जवळीक क्वचितच आढळते, त्यामुळे घाटकोपरच्या त्या कार्यालयात सर्वत्र समाधानाचं वातावरण होतं. कक्षप्रमुख गुणाजी राणे इतके समाधानी होते, की अहवालावर सही करताना आकडा वाचण्याची तसदीही घेत नसत.

असमाधानी होती ती फक्त चाळिसावी इमारत. विक्रोळी पार्कसाइटच्या चढावरची, आठ मजल्यांची, अठ्ठेचाळीस घरांची 'गावदेवी कृपा'. तिच्या वतीने असमाधान व्यक्त करायला शकुमावशी रोज अकराच्या ठोक्याला कार्यालयात हजर होत. वय बासष्ट, दोन्ही गुडघे गेलेले, घर सातव्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. चढाच्या पायथ्याशी एक नळ होता, तिथून सगळी इमारत कॅन वाहत असे. मावशींचा मुलगा नितेश कामावर जाण्याआधी चार खेपा करायचा आणि मग दिवसभर कंबर धरून बसायचा.

"साहेब, आज पण टँकर नाय आला."

"मावशी, अहवालात आलाय."

"अहवालात आला? मग काय हंडा घेऊन अहवालाखाली उभी राहू?"

"तुमचं नाव यादीत आहे ना? चाळीस नंबर. कित्येकांचं नाव यादीतसुद्धा नाय," राणे समजूत घालत. त्यांचा आवाज गोड होता आणि मनही वाईट नव्हतं. ते मावशींना बसायला खुर्ची देत, पाणीही देत. पाणी बाटलीतलं असे.

मावशींची तक्रार रोज नोंदवहीत टाइप करायचं काम अनिरुद्ध ओव्हाळकडे होतं. वय सव्वीस, राहणार कन्नमवार नगर, हुद्दा 'माहिती नोंदणी सहायक (कंत्राटी)'. एकशे सव्वीस वेळा एकच तक्रार टाइप केल्यावर माणसाचे दोनच प्रकार होतात: एक जो तीच ओळ कॉपी करून चिकटवतो, आणि दुसरा ज्याला लाज वाटते. अनिरुद्ध दुर्दैवाने दुसऱ्या प्रकारचा निघाला. टँकरच्या चिठ्ठ्या ज्या प्रोग्रॅममधून छापल्या जात तो रुबी या भाषेत लिहिलेला आहे असं त्याच्या कानावर आलं आणि पठ्ठ्याने बिजागरी मोडलेल्या जुन्या लॅपटॉपवर, घरी बसून, कुणालाही न विचारता रुबी शिकायला घेतली. चार महिने तो शिकत होता. पाचव्या महिन्यात त्याला चूक सापडली.

चूक अगदी साधी होती. रुबीत एक ते चाळीस मोजायला सांगताना दोन आकड्यांच्या मध्ये दोन टिंबं दिली तर चाळीस धरला जातो. तीन टिंबं दिली तर शेवटचा आकडा वगळला जातो. कक्षाच्या प्रोग्रॅममध्ये एकपासून यादीतल्या शेवटच्या क्रमांकापर्यंत मोजताना तीन टिंबं होती. अहवालाचं शीर्षक यादीतली नावं मोजून 'एकूण चाळीस' असं बरोबर छापायचं, आणि चिठ्ठ्या मात्र एकोणचाळिसाव्यावर थांबायच्या. चाळिसाव्या इमारतीची चिठ्ठीच निघत नव्हती, मग टँकर निघणार कुठून?

तो धावतच राण्यांकडे गेला.

"साहेब, सापडलं! एक टिंब खोडलं की काम झालं. दोन मिनिटं लागतील."

राण्यांनी चष्मा काढला. "खोडलं? सरकारी दस्तऐवजात खाडाखोड?"

"तसं नाही साहेब, प्रोग्रॅममध्ये..."

"तू रुबी शिकलास कुठे?"

"घरी. स्वतःच."

"म्हणजे तुला कुणी शिकवलं नाय. मग तू शिकलास कसा?"

अनिरुद्धने दुसरा मार्ग सुचवला. यादीच्या शेवटी एक खोटंच नाव घालावं, म्हणजे ते वगळलं जाईल आणि गावदेवी कृपाची चिठ्ठी निघेल. राणे खुर्चीतून उठले. एकतीस वर्षांच्या सेवेत त्यांनी खोटं नाव कुठल्या यादीत घातलं नव्हतं आणि निवृत्तीला दोन वर्षं असताना घालणार नव्हते. त्यांचा चेहरा खरोखरच दुखावलेला दिसत होता. मग त्यांनी कपाटातून परिपत्रक काढलं. त्यानुसार कक्षाच्या प्रोग्रॅमला हात लावण्याचा अधिकार 'प्रात्यक्षिक रुबी कौशल्य प्रमाणपत्र' धारकालाच होता. जो एक धारक होता, ज्याने हा प्रोग्रॅम लिहिला, त्याला उत्कृष्ट कामाबद्दल बढती मिळून तो अंधेरीला गेला होता, आणि बढती मिळालेल्या माणसाने खालचं काम करायचं नसतं.

"तू जा मुलुंडला, वर्ग कर," राणे म्हणाले. "तीन महिन्यांचो प्रश्न. प्रमाणपत्र घेऊन ये, मगे टिंब खोड, नायतर आख्खी रांगोळी पुस. माझी ना नाय."

अनिरुद्धने हे मावशींना सांगितलं. मावशींनी बोटांवर मोजलं. "तीन महिने म्हणजे नव्वद दिवस. नितेशच्या तीनशे साठ खेपा. शिक रे बाबा, पण नीट शीक."

मुलुंडच्या कौशल्य संवर्धन केंद्राच्या पाटीवर 'प्रात्यक्षिक' हा शब्द बाकीच्या शब्दांच्या दुप्पट मोठा होता. केंद्रात बारा संगणकांची सुसज्ज प्रयोगशाळा होती. तिला कुलूप होतं, किल्ली भांडारपालाकडे होती, आणि भांडारपाल गेली दोन वर्षं मतदारयाद्यांच्या कामावर होता. दाराच्या काचेतून प्लास्टिकच्या आवरणाखाली झाकलेले संगणक दिसत. विद्यार्थी बाहेर चपला काढत आणि दारासमोरच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसत. याला वेळापत्रकात 'प्रयोगशाळा तासिका' असं नाव होतं.

शिकवायला श्यामसुंदर सर होते. सर तीस वर्षं प्रोग्रॅमिंग शिकवत होते आणि या काळात त्यांनी एकही कीबोर्ड झिजू दिला नव्हता. "मशीन काय, आज आहे उद्या नाही," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "जर्नल कायम राहतं. नोट करा."

सगळ्यांनी नोट केलं. प्रात्यक्षिकं एकूण वीस. उजव्या पानावर निळ्या शाईने प्रोग्रॅम, डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आउटपुट. समास दोन बोटं. तपकिरी कव्हर, त्यावर लेबल. आउटपुट पेन्सिलीने का, असं अनिरुद्धने विचारलं तेव्हा सर प्रसन्न झाले. वर्गात प्रश्न विचारणारा एक तरी निघाला होता.

"आदर्श जर्नलशी जुळलं नाही तर खोडून बरोबर करता यावं म्हणून."

"पण सर, आउटपुट प्रोग्रॅम चालवल्यावर येतं ना?"

"प्रोग्रॅम चालवून आलेलं आउटपुट प्रत्येक वेळी तेच येईल याची खात्री कोण देणार? आदर्श जर्नलमध्ये ते तेच असतं. अकरा वर्षं बघतोय मी."

आदर्श जर्नल सरांच्या कपाटात रेशमी रुमालात असे. त्याचा इतिहास थोर होता. ते मुळात दुसऱ्याच एका भाषेसाठी तयार झालं होतं. पुढे वरून आदेश आला आणि भाषा बदलली, तेव्हा सरांनी उजवी पानं नव्याने लिहिली. डावी पानं तशीच ठेवली, कारण आउटपुट आधीच मंजूर झालेलं होतं आणि मंजूर गोष्टीला पुन्हा मंजुरी मागणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं. त्यानंतर आणखी एकदा भाषा बदलली, आणि मग रुबी आली. उजवी पानं बदलत गेली, डावी पानं ढिम्म हलली नाहीत.

अनिरुद्धच्या शेजारी तेजल बसे. ती भांडुपची, एका विमा कंपनीत होती आणि तिला या प्रमाणपत्रावर बढती मिळणार होती. तिचं अक्षर असं होतं, की तिची चूकसुद्धा खोडावीशी वाटू नये. सहाव्या आठवड्यात तिची वीसही प्रात्यक्षिकं पूर्ण झाली होती, आणि आपण रुबी शिकतोय की गवंडीकाम याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

"तू समजून काय घेत बसतोस यार?" ती म्हणाली. "उतरव ना."

"चालवून बघतो ना मी घरी. मजा येते."

"मजा?" तेजलने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं लोक लग्नात दुसऱ्यांदा जेवायला बसणाऱ्याकडे पाहतात.

सातवं प्रात्यक्षिक होतं: 'एक ते चाळीस आकडे क्रमाने छापणे.' अनिरुद्धने उजवं पान वाचलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. तीन टिंबं! कक्षातला प्रोग्रॅम कुठून आला होता ते त्याला त्या क्षणी कळलं. अंधेरीला गेलेल्या त्या गुणी माणसाने सातवं प्रात्यक्षिक तंतोतंत उतरवलं होतं आणि नंतर तेच कार्यालयात नेऊन बसवलं होतं. डाव्या पानावर सरांच्या सुबक पेन्सिलीत आउटपुट होतं. एक, दोन, तीन करत थेट चाळीसपर्यंत.

अनिरुद्धने घरी प्रोग्रॅम चालवला. एकोणचाळीस आले. त्याने पाच वेळा चालवला, पाचही वेळा एकोणचाळीसच. त्याने डाव्या पानावर एकोणचाळीसपर्यंत आकडे लिहिले आणि जर्नल सादर केलं.

सरांनी लाल पेन उघडलं. "एक आकडा खाल्लास."

"नाही सर. एवढेच येतात. तीन टिंबं आहेत, शेवटचा वगळला जातो. मी चालवून पाहिलं."

तेजलने हळूच सतरंजीवर थोडं पलीकडे सरकून घेतलं.

"चालवलंस?" सरांचा आवाज खाली आला. "कुणाच्या परवानगीने?"

"माझ्याच लॅपटॉपवर, सर."

"तुझ्या लॅपटॉपकडे प्रमाणपत्र आहे? पाच हजार विद्यार्थ्यांना चाळीस आले. माझ्या हाताखालून गेले सगळे, आज मोठमोठ्या जागांवर आहेत. आणि तुला एकट्याला एकोणचाळीस? अरे, दोष शोधायचाच तर तो कुठे शोधावा याचं काही गणित असतं की नाही?"

अनिरुद्धला संताप आला. पाच हजार माणसांपैकी एकानेही तीन महिन्यांत एकदा बटण दाबून पाहिलं नव्हतं, आणि त्यांचं न पाहणं हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा होता. त्याने लेखी अर्ज केला. केंद्रात विद्यार्थ्याचा लेखी अर्ज पहिल्यांदाच आला होता, त्यामुळे त्याचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी प्रथेप्रमाणे समिती नेमली गेली.

समितीच्या अध्यक्ष म्हणून बाह्य परीक्षक रत्नप्रभा मॅडम आल्या. मॅडम निःपक्षपाती म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि म्हणाल्या, "वाद कशाला? प्रयोगशाळा उघडा. मशीनलाच विचारू."

अनिरुद्धचा जीव भांड्यात पडला. भांडारपालाला मतदारयाद्यांवरून अर्ध्या दिवसासाठी बोलावून घेण्यात आलं. पंचनामा करून कुलूप उघडलं. पहिल्या संगणकाचं आवरण काढलं, तेव्हा त्यातून एक पाल निघाली आणि तिचीही नोंद झाली. सर कधी नव्हे ते घामाघूम झाले होते. बटण कुठे आहे ते अनिरुद्धनेच दाखवलं. सातवं प्रात्यक्षिक टाइप केलं, चालवलं.

एकोणचाळीस.

"बघितलंत मॅडम?" अनिरुद्ध म्हणाला.

"बघितलं," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या. "हे मशीन नादुरुस्त आहे. दुसरं लावा."

दुसऱ्यावर एकोणचाळीस. तिसऱ्यावर एकोणचाळीस. असं करत बाराच्या बारा संगणकांवर एकोणचाळीस आले. मॅडमनी प्रत्येक आकडा स्वतः लिहून घेतला. चहा झाला. मग समितीने निष्कर्ष काढला, की ज्या अर्थी बाराही संगणकांत एकच दोष आहे, त्या अर्थी तो एका खेपेत झालेल्या खरेदीतून आलेला आहे.

"अहो पण मॅडम," अनिरुद्ध कळवळून म्हणाला, "माझा लॅपटॉप त्या खरेदीतला नाही. त्याच्यावरही तेवढेच येतात."

"म्हणजे दोष पसरलाय," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी तेही टिपून घेतलं.

बाराही संगणक भंगार म्हणून निर्लेखित झाले आणि टेम्पोतून देवनारच्या दिशेने गेले. आता केंद्रात एकही संगणक उरला नाही. प्रात्यक्षिकांच्या वेळापत्रकावर त्याचा काहीही परिणाम झाला नाही. उलट प्रयोगशाळा रिकामी झाल्यामुळे विद्यार्थ्यांना आत बसून जर्नल लिहिता येऊ लागलं. याबद्दल काही विद्यार्थ्यांनी अनिरुद्धचे आभारही मानले.

मॅडमनी जाताना त्याला बाजूला घेतलं. त्या मनाने प्रेमळ होत्या. "हुशार आहेस. एका आकड्यासाठी करिअरची वाट लावू नकोस. पेन्सिल आहे ना? सोमवारपर्यंत चाळीस कर, नाहीतर नापास."

त्या रविवारी अनिरुद्ध चढ चढून गावदेवी कृपामध्ये गेला. मावशी पाचव्या मजल्याच्या पायरीवर कॅन टेकवून बसल्या होत्या. नितेशची कंबर शेवटी धरली होती, म्हणून आता त्या स्वतः खेपा करत होत्या. अनिरुद्धने कॅन उचलला आणि वर जाता जाता सगळी हकीकत सांगितली. खोटं लिहिलं तर प्रमाणपत्र मिळणार, खरं लिहिलं तर नाही.

"तीन महिने ह्यात घातलेस?" मावशी म्हणाल्या. "अरे गाढवा, लिही ना चाळीस! पेन्सिलीनेच लिहायचंय ना? तुझ्या एका आकड्याने माझ्या इमारतीला पाणी मिळणार असेल, तर चाळीस काय, चारशे लिही. खरं-खोटं सातव्या मजल्यावर कॅन चढवून मग बोल माझ्याशी."

त्याच्या हातात वीस लिटरचा कॅन होता, त्यामुळे हा युक्तिवाद त्याला चटकन पटला. एकदा खोटं लिहायचं आणि मग कायमचं खरं करून टाकायचं, असं त्याने ठरवलं. जगातल्या बहुतेक भानगडी याच हिशेबाने सुरू होतात, पण सव्वीस वर्षांच्या माणसाला ते सांगून काय उपयोग? सोमवारी त्याने एकोणचाळीसच्या खाली पेन्सिलीने चाळीस लिहिला आणि त्याखाली सही केली. तो विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाला. तेजल पहिली आली.

प्रमाणपत्र हातात पडलं त्याच दिवशी तो राण्यांसमोर उभा राहिला. राण्यांनी मनापासून त्याचा हात हातात घेतला, डब्यातली सुक्या जवळ्याची चटणी त्याला दिली, आणि मग 'प्रोग्रॅम दुरुस्ती प्रस्ताव, नमुना ड' पुढे केला.

"चौथा रकाना भर. 'विद्यमान प्रोग्रॅम सदोष असल्याचा पुरावा.'"

"पुरावा म्हणजे साहेब, तीन टिंबं आहेत. चाळिसावा छापतच नाही."

"कशावरून?" राण्यांनी फाइल उघडली. केंद्राने नियमाप्रमाणे प्रमाणपत्रासोबत जर्नलही पाठवलं होतं. "ह्या बघ. प्रात्यक्षिक क्रमांक सात. टिंबं किती?"

"तीन."

"आउटपुट?"

राण्यांनीच डाव्या पानावर बोट ठेवलं.

"चाळीस. खाली सही कुणाची?"

"माझी."

"आणि प्रमाणपत्रात काय लिवलाहा? 'सदर प्रशिक्षणार्थीने सर्व प्रात्यक्षिके स्वतः करून पाहिली असून निष्कर्ष जर्नलप्रमाणे बरोबर आले आहेत.' आता दोनच गोष्टी, बाबा. जर्नल खरां असेल तर प्रोग्रॅम बरोबर आसा, मग दुरुस्ती कसली? आणि जर्नल खोटां असेल तर प्रमाणपत्र खोटां, मग तुका प्रोग्रॅमाक हात लावूचो अधिकार नाय." राण्यांच्या आवाजात कुठेही कुत्सितपणा नव्हता. उलट त्यांना वाईट वाटत होतं. "चटणी घे आणखी."

अनिरुद्धला चटणी तिखट लागली की दुसरं काही झालं ते सांगता येत नाही, पण त्याचे डोळे भरून आले. ज्या माणसांना तो तीन महिने मनातल्या मनात शिव्या देत होता, त्यांच्या यादीत आता त्याचंही नाव गेलं होतं, आणि तेही स्वतःच्या हस्ताक्षरात.

नमुना ड च्या मागच्या बाजूला मात्र एक बारीक टीप होती. धारकाकडे पुरावा नसल्यास बाधित संस्थेचा लेखी जबाब ग्राह्य धरला जाईल, त्यावर सर्व सदनिकाधारकांच्या सह्या हव्यात. अनिरुद्धने त्याच संध्याकाळी जबाब टाइप करून मावशींना दिला. मावशी नऊ दिवस आठ मजले चढल्या-उतरल्या. सत्तेचाळीस सह्या इमारतीतच झाल्या. अठ्ठेचाळिसाव्या घराचे मालक, धोंडिराम, घर बंद करून देवनारला मुलीकडे राहत होते. मावशी दोन बस बदलून देवनारला गेल्या आणि सही घेऊन आल्या. दर संध्याकाळी त्या फोन करून आज किती झाल्या ते सांगत. अनिरुद्धला पुन्हा झोप लागू लागली.

अठ्ठेचाळिसावी सही झाली त्या शुक्रवारी कक्षात एक नवा अर्ज मंजूर झाला. कांदिवलीचा बावीस मजली टॉवर, पोडियमवर बाग, तळघरात व्यायामशाळा. नळाला पाणी मात्र बेताचं. त्याचं नाव यादीत शेवटी गेलं. क्रमांक एक्केचाळीस.

शनिवारी सकाळी चाळीस चिठ्ठ्या निघाल्या. गावदेवी कृपाच्या चढावर पहिल्यांदा टँकर चढला, तेव्हा लोकांनी चाकाखाली नारळ फोडला आणि ड्रायव्हरला कुंकू लावलं.

सोमवारी अकरा वाजता मावशी पेढे घेऊन आल्या. आधी राण्यांना दिले, मग अनिरुद्धला.

"मावशी, जबाब आणलात ना?"

"आणलाय की." त्यांनी पिशवीतून चार घड्यांचा कागद काढला. "अठ्ठेचाळीस सह्या. एक कमी नाय."

"द्या. आजच नोंद करतो. आता चूक कायमची निघेल."

मावशींनी कागद सोडला नाही. "आता कशाला रे?"

"म्हणजे काय? मावशी, तुम्हाला पाणी मिळालं ते यादीत एक्केचाळिसावं नाव आलं म्हणून. आता एक्केचाळिसावी इमारत कोरडी आहे. चूक तिथेच आहे!"

"त्यांचं नाव यादीत आहे ना?"

"आहे."

"मग येईल की." मावशींनी कागदाची पाचवी घडी घातली. "आणि जबाबात लिहिलंय, टँकर येत नाही. आज तर येतोय. खोटं कसं लिहून देऊ? उद्या चौकशी लागली आणि चौकशी होईपर्यंत टँकर बंद ठेवा म्हणाले म्हणजे? नितेशची कंबर आत्ता कुठे सरळ होतेय. तू शिकलेला आहेस, तुला नाय कळायचं."

त्या निघून गेल्या. गुडघ्यांचा त्रास असूनही बऱ्याच भरभर गेल्या.

राण्यांनी तक्रार नोंदवही उघडून अनिरुद्धला दाखवली. अडतिसावी इमारत सव्वा वर्ष रोज तक्रार करत होती. एकोणचाळिसावी यादीत आल्याच्या दिवशी ती थांबली. एकोणचाळिसावी सात महिने ओरडली आणि चाळिसावी येताच समाधान पावली. "एकसुद्धा तक्रार शिल्लक नाय बघ," राणे म्हणाले. "आपोआप निकाली निघतात. वार्षिक अहवालात आपलां निवारण शंभर टक्के आसा." मग त्यांनी दैनंदिन अहवाल त्याच्यापुढे सरकवला, कारण आता कक्षात प्रमाणपत्रधारक उपलब्ध होता आणि परिपत्रकाप्रमाणे सहीचा मान त्याचा होता. एकूण इमारती: एक्केचाळीस. अनिरुद्धने पेढा खाल्ला आणि सही केली. शाईने.

दुसऱ्या दिवशी अकराला कांदिवलीच्या टॉवरचे सेक्रेटरी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, फाइलमध्ये ईमेलच्या प्रती. टँकर आला नव्हता.

"अहवालात आलाय," अनिरुद्ध म्हणाला.

"हे मला सांगू नका. मी स्वतः इंजिनिअर आहे. सिस्टीममध्ये बग असणार. मला लॉजिक दाखवा."

अनिरुद्धने त्यांना खुर्ची दिली, प्रोग्रॅम दाखवला, तीन टिंबं दाखवली आणि आपलं जर्नलही दाखवलं. सेक्रेटरी शहाणे होते, त्यांना दोन मिनिटांत सगळं समजलं. हे समजलेले ते पहिलेच नागरिक होते आणि अनिरुद्धच्या मनात आशेचा एक किरण पुन्हा उगवला.

"साहेब, तुम्ही लेखी द्या. तुम्हाला कळतंय. बावीस मजल्यांच्या सह्या आणा, मी आज दुरुस्त करतो."

सेक्रेटरींनी जर्नलचं डावं पान जरा वेळ न्याहाळलं. त्यावरच्या पेन्सिलीच्या आकड्यांवरून बोट फिरवताना त्यांच्या चेहऱ्यावर जुन्या ओळखीची छटा उमटली. त्यांनी घड्याळात पाहिलं, फाइल मिटली आणि टेबलावर पुढे वाकून खालच्या आवाजात विचारलं, "सह्यांचं राहू दे. बेचाळिसावा अर्ज कधीपर्यंत येईल?"

अर्ज आलेला आहे. गेल्याच आठवड्यात दाखल झाला, छाननी चालू आहे. इमारत चांगली आहे, माणसं सुशिक्षित आहेत, खाली सेक्रेटरीची सही आणि शिक्का आहे. वाचकहो, तुम्हाला याची कल्पना नसेल, कारण तुमच्या सोसायटीच्या मागच्या मीटिंगला तुम्ही नेहमीप्रमाणे गेला नव्हतात. नंतर फिरवलेल्या हजेरीपत्रकावर सही मात्र केलीत.